जुन्या मोटारीतील पिवळा दिवा, ऑक्सिजन सेन्सर व कन्व्हर्टर

गेल्या पंधरा-वीस वर्षांत ग्रामीण भागातील वाहतुकीचे स्वरूप पुष्कळच पालटले आहे. ज्या कुटुंबास नवी मोटार घेणे परवडत नाही, असे कुटुंबही शहरातून दहा-बारा वर्षे वापरलेली पेट्रोलवर चालणारी गाडी विकत घेते आणि तिच्यातून पाहुणे, दुधाचे कॅन, भाजीची पोती, खताच्या गोण्या व प्रसंगी घरातील दुखणाईत अशा सर्वांची ने-आण करते. अशा गाडीबाबत एक तक्रार मात्र वारंवार कानी येते. चालकासमोरील फलकावर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा लागतो. गाडी मात्र चालत राहते. पहिल्या आठवड्यात मालकास धास्ती वाटते, दुसऱ्या आठवड्यात त्याची सवय होते आणि पुढे केव्हातरी गॅरेजमध्ये गेल्यावर तीनपैकी एक उपाय सुचविण्यात येतो : सेन्सर बदला, कन्व्हर्टर पोकळ करा किंवा दिव्याची वायर तोडून टाका. यांतील पहिला उपाय पुष्कळदा अनाठायी ठरतो, दुसरा बेकायदेशीर आहे आणि तिसऱ्यास उपाय म्हणणेच कठीण आहे.

पिकांविषयी सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्याने मोटारीच्या दिव्याविषयी का लिहावे, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. याचे एक कारण खर्चाचे आहे. चुकीच्या निदानापायी एका हंगामात आठ-दहा हजार रुपये गॅरेजमध्ये गेले, तर ती रक्कम बी-बियाणे व खते यांच्या तरतुदीतूनच जाते. दुसरे कारण निदानाच्या पद्धतीचे आहे. मोसंबीचे कोवळे पान शिरांच्या मधल्या भागात पिवळे पडले म्हणजे झाडास लोह कमी पडत आहे, हे खरे. परंतु जमिनीत लोह नाही असा त्याचा अर्थ होत नाही. जमिनीत चुनखडी जास्त असली अथवा मुळांशी पाणी साचून राहिले, तरी असलेले लोह झाडाला घेता येत नाही. अशा बागेत निचऱ्याकडे दुर्लक्ष करून केवळ फवारणी करीत राहणाऱ्या बागायतदाराचा पैसा जसा वाया जातो, तसाच दिवा दिसताच सेन्सर बदलणाऱ्या मोटारमालकाचाही जातो. दिवा हे लक्षण होय. रोग निराळा शोधावा लागतो.

धुराची शुद्धी कशी होते

एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण तंतोतंत साधले आणि ज्वलन संपूर्ण झाले, तर धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व हवेतील नत्रवायू एवढेच बाहेर पडावे. प्रत्यक्षात इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ज्वलनास सेकंदाचा अगदी अल्प अंश मिळतो. त्यामुळे तीन घातक द्रव्ये शिल्लक राहतात. अर्धवट जळलेल्या इंधनापासून कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायू होतो. थोडे पेट्रोल न जळताच बाहेर पडते. आणि अति उष्णतेमुळे हवेतील नत्र व प्राणवायू यांचा संयोग होऊन नत्राची ऑक्साइडे तयार होतात. यांपैकी शेवटची दोन द्रव्ये उन्हात एकत्र आली म्हणजे जमिनीलगत ओझोन वायू निर्माण होतो. हा ओझोन माणसाच्या फुप्फुसांना तर अपायकारक आहेच, पण गहू व सोयाबीन यांसारख्या पिकांच्या पानांनाही तो बाधतो व उत्पन्न घटवितो. शहराच्या धुराशी आपला काय संबंध, असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे.

ही तिन्ही द्रव्ये निरुपद्रवी करण्याचे काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो. गाडीच्या खाली, सायलेन्सरच्या पुढे, किंवा अलीकडच्या रचनेत इंजिनालगतच, पोलादी पत्र्याचा एक फुगीर डबा असतो, तोच हा कन्व्हर्टर होय. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीच्या जातीची जाळी असते. एका चौरस इंचात सर्वसाधारणपणे चारशे छिद्रे असतात. छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिनियम व सेरियम यांच्या ऑक्साइडांचा खरखरीत लेप असून त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे कण विखुरलेले असतात. सबंध डब्यात हे धातू अवघे काही ग्रॅम असतात. लग्न जुळविणारा मध्यस्थ ज्याप्रमाणे दोन्ही पक्षांस एकत्र आणतो व स्वतः मात्र होता तसाच राहतो, त्याप्रमाणे हे धातू धुरातील द्रव्यांचा परस्परांशी संयोग घडवून आणतात आणि स्वतः खर्ची पडत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड होते, न जळलेले पेट्रोल जळून जाते आणि नत्राच्या ऑक्साइडांतून नत्रवायू मोकळा होतो.

मात्र ह्या कामास दोन अटी आहेत. जाळी सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस इतकी तापल्याखेरीज ती काम सुरू करीत नाही. आणि हवा व पेट्रोल यांचे प्रमाण वर सांगितलेल्या आकड्याच्या अगदी जवळपास राहिले, तरच तिन्ही द्रव्यांची शुद्धी एकाच वेळी होते. हवा जास्त झाली तर नत्राची ऑक्साइडे तशीच निसटतात. पेट्रोल जास्त झाले तर उरलेली दोन्ही.

ह्या साधनाचा इतिहास थोडक्यात असा. यूजीन हूड्री ह्या फ्रान्समध्ये जन्मलेल्या अभियंत्यास १९५६ साली अमेरिकेत अशा शुद्धियंत्राचे पेटंट मिळाले. परंतु त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे व शिशाने जाळी निकामी होई. शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध झाल्यावर १९७५ च्या सुमारास अमेरिकेतील मोटारींत कन्व्हर्टर सर्रास बसू लागले. आपल्या देशात एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास ह्या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आवश्यक करण्यात आला आणि फेब्रुवारी २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सर्व देशात बंद झाली. तेव्हा आज खेड्यात येणारी ‘जुनी’ मोटार बहुतेक करून कन्व्हर्टर असलेलीच असते. निदान कारखान्यातून बाहेर पडताना तरी ती तशी होती.

सेन्सर हा साक्षीदार

हवा व पेट्रोल यांचे प्रमाण नेमके राखण्यासाठी धुरात प्राणवायू किती उरला आहे, हे क्षणोक्षणी कळावे लागते. ती खबर ऑक्सिजन सेन्सर देतो. १९७६ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने तयार केलेला असा सेन्सर स्वीडनच्या व्होल्वो मोटारीत प्रथम बसविण्यात आला. त्याचे टोक झिर्कोनियमच्या ऑक्साइडाचे असून त्याच्या एका बाजूस धूर व दुसऱ्या बाजूस बाहेरील हवा असते. दोन्हीकडील प्राणवायूच्या तफावतीनुसार त्यात अत्यल्प वीजदाब उत्पन्न होतो. धुरात प्राणवायू जास्त उरला असता सुमारे ०.१ व्होल्ट आणि कमी उरला असता सुमारे ०.९ व्होल्ट, असे त्याचे गणित असते. इंजिनाचा नियंत्रक, ज्यास गॅरेजमध्ये ईसीएम म्हणतात, हे आकडे वाचून पेट्रोलचे फवारे वाढवितो किंवा कमी करतो. म्हणून निकोप गाडीत पुढील सेन्सरचा दाब सारखा खालीवर होत राहतो. तो एकाच जागी स्थिर झाला, तर काहीतरी बिघडले असे समजावे.

भारत स्टेज-४ हे मानक एप्रिल २०१० पासून प्रमुख शहरांत व एप्रिल २०१७ पासून सर्व देशात लागू झाले. त्या मानकाच्या गाड्यांत एप्रिल २०१३ पासून कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेवर देखरेख ठेवण्याची व्यवस्था आली व त्यासाठी कन्व्हर्टरच्या मागे दुसरा सेन्सर बसविला जाऊ लागला. जाळीवरील सेरियमचा लेप प्राणवायू साठवितो व गरजेनुसार सोडतो. त्यामुळे जाळी निरोगी असताना मागील सेन्सरचा आकडा जवळजवळ स्थिर असतो. जाळी थकली म्हणजे मागील सेन्सर पुढच्याची हुबेहूब नक्कल करू लागतो. ईसीएम ही नक्कल ओळखतो, पी-०४२० हा संकेतांक नोंदवून ठेवतो आणि पिवळा दिवा लावतो.

येथेच पुष्कळांची फसगत होते. संकेतांक कन्व्हर्टरविषयी असो की मिश्रणाविषयी, खबर सेन्सरने दिलेली असते. म्हणून दोष सेन्सरवरच येतो. साक्षीदार न्यायालयात वाईट बातमी सांगतो म्हणून कोणी त्यास शिक्षा करीत नाही. पण गॅरेजमध्ये हा न्याय रोज चालतो.

दिव्याची भाषा

किल्ली फिरविल्यावर हा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. इंजिन चालू असता तो स्थिर लागून राहिला व गाडीच्या चालण्यात फरक वाटत नसला, तर घाबरून रस्त्यातच थांबण्याचे कारण नाही. चार-आठ दिवसांत तपासणी करून घ्यावी. मात्र दिवा उघडझाप करू लागला तर बाब तातडीची आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नसून तेथील पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जात आहे, असा त्याचा अर्थ असतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ मारते आहे. हे पेट्रोल तापलेल्या जाळीत पेटते व तिचे उष्णतामान हजार अंशांपलीकडे जाऊ शकते. प्रथम लेप मरतो, पुढे जाळीच वितळून छिद्रे बुजतात. घाट चढताना असे घडल्यास वेग उतरवावा, वजन ओढण्याचा हट्ट सोडावा व सुरक्षित जागा पाहून इंजिन बंद करावे.

स्टिअरिंगखाली सोळा टोकांची एक खोबण असते. तीत स्कॅनर जोडला म्हणजे नोंदलेले संकेतांक वाचता येतात. भ्रमणध्वनीस जोडून वापरता येणारे लहान स्कॅनर हल्ली फार महाग राहिलेले नाहीत. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एक घेतला तरी चालण्यासारखे आहे. महत्त्वाची गोष्ट ही की, दिसणारा पहिलाच संकेतांक वाचून थांबू नये. सर्व संकेतांक कागदावर उतरून घ्यावेत व नंतरच पुसावेत. पी-०३०० ते पी-०३०४ हे मिसिंगचे, पी-०१७१ हा मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचा, पी-०१७२ हा पेट्रोल जास्त होत असल्याचा आणि पी-०१३५ हा पुढील सेन्सरला ताप देणारी तार निकामी झाल्याचा संकेतांक होय. ह्या शेवटच्यासारखा संकेतांक असेल, तर वायर, जोड व फ्यूज तपासून सेन्सर बदलणे योग्यच ठरते. पी-०४२० च्या जोडीला मिसिंगचा संकेतांक असेल, तर आधी मिसिंगचा बंदोबस्त करावा.

आमच्या तालुक्यातील एका डाळिंब बागायतदाराच्या गाडीचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. त्यांच्या गाडीचा दिवा लागला तेव्हा एका गॅरेजने पी-०४२० वाचून मागील सेन्सर बदलला. तीन आठवड्यांनी दिवा पुन्हा लागला. मग पुढील सेन्सर बदलण्यात आला. गाडीचे ॲव्हरेज उतरले होते व चढावर ती दम धरीत नव्हती, परंतु त्याकडे कोणी पाहिले नाही. शेवटी एका वयस्क मिस्त्रीने सर्व संकेतांक पाहिले, तेव्हा दुसऱ्या सिलिंडरच्या मिसिंगची नोंद तेथे पूर्वीपासून असल्याचे आढळले. इग्निशन कॉइलला बारीक तडा गेला होता व प्लग झिजले होते. कॉइल व प्लग बदलताच मिसिंग थांबले. परंतु तोपर्यंत कन्व्हर्टरची जाळी आतून वितळली होती व तोही बदलावा लागला. दोन सेन्सर व एक कन्व्हर्टर ह्यांचा खर्च कॉइल व प्लग यांच्या अनेक पट झाला, आणि काढलेले दोन्ही सेन्सर निर्दोष होते.

कन्व्हर्टर कशाने मरतो

कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही. त्यास इंजिन मारते. मिसिंगचा उल्लेख वर आलाच आहे. दुसरे कारण इंजिन ऑइल खाणे. ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी जस्त व स्फुरद यांची संयुगे घातलेली असतात. पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल ज्वलनात गेले म्हणजे हे स्फुरद जाळीवर काचेसारखे बसते. पिकास जे स्फुरद पोषक, तेच येथे विष ठरते. निळसर धूर टाकणाऱ्या गाडीस नवा कन्व्हर्टर बसविणे म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडणे होय. हेड गॅस्केटमधून शीतक द्रव आत झिरपणे आणि जोडांवर भलताच सिलिकोन लावणे ह्यांमुळेही सेन्सरच्या टोकावर पांढुरका थर बसून तो आंधळा होतो.

गॅरेजमधील एक जुनी सवय आवर्जून सोडली पाहिजे. कोणता सिलिंडर काम करीत नाही हे पाहण्यासाठी इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर ओढून काढण्यात येते. कार्ब्युरेटरच्या काळात ही रीत चालून गेली. कन्व्हर्टर असलेल्या गाडीत तितका वेळ कच्चे पेट्रोल सरळ जाळीत जाते. हीच गोष्ट धक्का मारून गाडी सुरू करण्याची. बॅटरी उतरली असता एखादा प्रयत्न समजण्यासारखा आहे, परंतु गरम इंजिन सुरू होत नाही म्हणून दहा माणसे लावून शिवारभर गाडी ढकलणे कन्व्हर्टरला महागात पडते. दुसऱ्या बॅटरीचा आधार घेणे अधिक बरे.

धान्याच्या कोठीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीस उंदरांचा उपद्रव फार. सेन्सरच्या वायरी ते कुरतडतात आणि सेन्सर विनाकारण बदनाम होतो. अशा वायरी झाळून जोडू नयेत. पुष्कळ सेन्सरांत बाहेरील हवा तारांच्या वेष्टणातूनच टोकापर्यंत पोचते व झाळकामाने ती वाट बुजते. चिमट्याने दाबून बसविण्याचे जोड वापरावेत. सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीस भेग असेल, तर तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरची साक्ष खोटी ठरते. म्हणून सेन्सर बदलण्यापूर्वी नळीची भेग व गॅस्केट पाहणे अगत्याचे आहे.

जाळी बुजली किंवा फुटली आहे काय, हे पाहण्याच्या रीती साध्या आहेत. गाडी पूर्ण थंड असता डब्यावर रबरी हातोडीने हलके ठोकावे; आत खडखड वाजल्यास जाळी फुटलेली आहे. जाळी बुजली असल्यास गाडी सपाटीवर बरी चालते, पण चढावर जणू कोणी मागून धरून ठेवल्यासारखी ओढत नाही. पुढील सेन्सर काढून त्या जागी दाबमापक लावला असता, अडीच हजार फेऱ्यांवर दाब चौरस इंचास सुमारे तीन पौंडांहून अधिक दिसल्यास मार्ग तुंबला आहे असे धरतात. कुजक्या अंड्यासारखा वास येत असल्यास मिश्रणात पेट्रोल जास्त जात असल्याचा संशय घ्यावा.

पोकळ डबा

कन्व्हर्टर नवा घेण्याचा खर्च मोठा असतो हे मान्यच आहे. त्याचा फायदा घेऊन काही ठिकाणी जाळी फोडून काढण्याचा व रिकामा डबा पुन्हा झाळून बसविण्याचा सल्ला मिळतो. ‘गाडी मोकळी होते’ असे सांगण्यात येते. काढलेली जाळी कोठे जाते, हे मात्र कोणी सांगत नाही. तिच्यातील धातूंना भंगाराच्या बाजारात चांगला भाव असतो. २०२१ साली ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दसपटीहून वर गेला होता. मालकाने मजुरीही दिली आणि मालही दिला, असा तो व्यवहार होय.

निकोप जाळी काढल्याने जुन्या गाडीची शक्ती म्हणण्यासारखी वाढत नाही. बुजलेली जाळी काढल्यावर फरक वाटतो. पण तो तुंबलेला मार्ग मोकळा झाल्याचा असतो, आणि ती जाळी ज्या कारणाने बुजली ते कारण कायम राहते. शिवाय पी.यू.सी. तपासणीत भारत स्टेज-४ च्या पेट्रोल गाडीस इंजिन मंद चालत असता कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या व न जळलेले इंधन दशलक्षात २०० भागांच्या आत ठेवावे लागते. पोकळ डब्याच्या गाडीस हे साधणे दुरापास्त आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०, पोटकलम २ मधील २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणाऱ्या चालकास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

ऊस पिकविणाऱ्या जिल्ह्यांत हा विषय निघाला म्हणजे इथेनॉलचा प्रश्न हटकून विचारला जातो, आणि त्यास बगल देणे बरे नाही. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा २०२५ मध्ये गाठला गेला. इथेनॉलच्या रेणूत मुळातच प्राणवायू असतो. त्यामुळे ह्या मिश्रणास पूर्ण ज्वलनासाठी हवा कमी लागते, १४.७ ऐवजी ते प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. जुन्या गाडीचा सेन्सर धुरात जादा प्राणवायू पाहतो, आणि ईसीएम फवारे वाढवून भरपाई करतो. सेन्सर व पंप निकोप असतील तर ही भरपाई बिनबोभाट होते. परंतु इंजेक्टर कचऱ्याने अर्धे बुजलेले, पंप अशक्त व सेन्सर मंद अशी गाडी आधीच भरपाईच्या मर्यादेजवळ चालत असते. तिला हा वाढीव भार सोसत नाही आणि पी-०१७१ नोंदवून दिवा लागतो. अशा वेळी इथेनॉलने गाडी बिघडली असे म्हणण्यापेक्षा इथेनॉलने तिचे दुखणे उघडे केले असे म्हणणे अधिक रास्त होईल.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ॲव्हरेज घटते ही तक्रार काल्पनिक नाही. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या व १० टक्के मिश्रणास जुळविलेल्या चारचाकी गाड्यांत ६ ते ७ टक्के घट अपेक्षिलेली आहे. फार जुन्या गाडीतील रबरी नळ्या व वॉशर इथेनॉलने लवकर खराब होऊ शकतात आणि टाकीतील जुना गाळ सुटून गाळणीत अडकतो. गाळणी बदलणे व नळ्यांची झिरप पाहणे एवढी खबरदारी घ्यावी. कार्ब्युरेटरच्या गाडीस सेन्सर नसल्यामुळे तिच्यात आपोआप भरपाई होत नाही; तिचे मिश्रण जाणत्या मिस्त्रीकडून जुळवून घ्यावे लागते.

डिझेलच्या पिकअप गाड्या व ट्रॅक्टर यांची गोष्ट वेगळी आहे. डिझेलच्या धुरात प्राणवायू नेहमीच शिल्लक असल्याने तेथे वर वर्णिलेली तिहेरी जाळी चालत नाही. ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून अधिक कडक मानक लागू झाले आहे व त्यांतील शुद्धियंत्रणा निराळी असते. तिचा विचार येथे केलेला नाही.

वाळके गवत, पाचट व खळे

ज्या गोष्टीकडे शेतकऱ्यांनी सर्वांत अधिक लक्ष द्यावयास हवे आणि शहरातील मिस्त्री जिच्याविषयी क्वचितच बोलतो, ती आगीची. चालत्या गाडीच्या कन्व्हर्टरमध्ये ४०० ते ८०० अंश सेल्सिअस उष्णता असते. बाहेरील पत्रा त्याहून कमी तापतो, तरी वाळके गवत त्यास चिकटून राहिल्यास पेटण्याइतका तो तापू शकतो. आणि इंजिन मिसिंग मारीत असेल तर डबा लालभडक होतो. गाडी थांबविल्यावर वाऱ्याचा झोत बंद होतो व पुढील काही मिनिटे डब्याखालील जागा अधिकच तापते. म्हणून वाहनांच्या माहितीपुस्तकांत वाळक्या गवतावर गाडी उभी करू नये, अशी सूचना असते. ती पुस्तके जुन्या गाडीबरोबर फारशी हाती येत नाहीत.

फाल्गुन-चैत्रात आपल्या शिवाराचे रूप डोळ्यांपुढे आणावे. बांधावर कुसळी गवत गुडघाभर वाळलेले असते, तोडलेल्या उसाच्या सरीत पाचटाचा थर असतो, खळ्यावर गव्हाचे काड व हरभऱ्याचा भुसा पसरलेला असतो. पोती भरण्यास सोपे जावे म्हणून गाडी थेट खळ्यात घेतली जाते. तसे करू नये. गाडी उघड्या, मुरमाड जागेवर किंवा नांगरलेल्या मातीवर उभी करावी व पोती तेथवर वाहून आणावीत. काडावरून गाडी न्यावीच लागली, तर नंतर खाली वाकून पाहावे. डबा व त्यावरील उष्णतारोधक पत्रा यांच्या फटीत काड, पाचट किंवा गोणपाटाचे धागे अडकतात, ते गाडी निवल्यावर काढून टाकावेत. हा पत्रा खडखड वाजतो म्हणून काढून फेकण्याची रीत धोक्याची आहे. सैल झाला असल्यास तो नटबोल्टने आवळून घ्यावा. गोठ्याशेजारी वैरणीच्या गंजीस टेकून गाडी लावणे हे तर कोणत्याही ऋतूत अयोग्यच. दूरवरून धावून आलेली गाडी तडक ओढ्याच्या पाण्यात घालणेही टाळावे. अति तापलेल्या जाळीस एकाएकी थंडावा लागल्यास ती तडकण्याचा संभव असतो.

जुनी गाडी विकत घेताना

सौदा ठरविण्यापूर्वी सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी पाहावी. किल्ली फिरविताच पिवळा दिवा लागतो की नाही, हे प्रथम पाहावे. तो मुळीच लागत नसेल तर दिव्याची वायर तोडलेली किंवा दिवा काढलेला असण्याचा संभव आहे, आणि अशी गाडी दिवा लागलेल्या गाडीहून वाईट समजावी. नंतर खाली डोकावून कन्व्हर्टरच्या डब्यावर ताज्या झाळकामाची रेघ आहे काय, डब्याच्या जागी सरळ नळीच आहे काय, आणि मागील सेन्सर व त्याची वायर जागेवर आहेत काय, हे बघावे. रबरी हातोडीची परीक्षाही ह्याच वेळी करावी. पुढे इंजिन सुरू करून स्कॅनर जोडावा. संकेतांक एकही नसला म्हणून लगेच समाधान मानू नये. विकणाऱ्याने ते आदल्या रात्री पुसलेले असू शकतात. संकेतांक पुसले म्हणजे ईसीएमने केलेल्या तपासण्यांची नोंदही पुसली जाते, आणि कन्व्हर्टरची व सेन्सरची तपासणी ‘अपूर्ण’ अशी स्कॅनरवर दिसते. तशी ती दिसल्यास विसार देऊ नये. गाडी दोन-तीन दिवस नेहमीप्रमाणे, थोडी गावात व थोडी मोठ्या रस्त्यावर चालवू देण्यास सांगावे आणि तपासणी पूर्ण झाल्याचे दिसल्यावरच किमतीचे बोलणे करावे.